ॲव्होकाडोचा पाड

सॅन डिएगोत राहून मला ॲव्होकाडो निवडता येत नाही, हे मी चारचौघांत कबूल करत नाही. माझ्या नशिबी एक तर दगड येतो, नाहीतर आत काळ्या शिरा पडलेला चिखल. मधली अवस्था असते म्हणे. बहुधा मी झोपलेलो असताना येऊन जाते. आमच्याकडे मिळतो तो ‘हास’ जातीचा. हास नावाच्या पोस्टमनने १९३५ साली तिचं पेटंट घेतलं होतं. पोस्टमनचं फळ, पण वेळेवर येईल तर शपथ!

शेवटी फळांच्या पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या मित्राकडून दोन दिवसांसाठी एक यंत्र आणलं. केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं, किंमत माझ्या जुन्या गाडीएवढी. तोंडाशी फळ धरायचं. यंत्र अवरक्त किरण सोडतं, गरातलं पाणी आणि तेल त्यातले आपापले किरण पिऊन टाकतात, उरलेले परत येतात, त्यावरून आकडा. टोपलीतले सहाही मोजले. २४.६, २५.३, २६.१... दशांशासकट! ऊर भरून आला. २६.१ वाला कापायला घेतला. सुरी अर्ध्यात अडकली.

सहा महिन्यांसाठी रत्नागिरीहून आलेली आई मेथी निवडत होती.

“काय मोजतोयस एवढं?”

“ड्राय मॅटर. पाणी वजा जाता फळात उरतं ते. कॅलिफोर्नियात हासला किमान २०.८ टक्के लागतं, तरच बाजारात जातो.”

“म्हणजे जून झालाय की नाही, ते. पिकलाय की नाही, ते कुठे सांगतंय?”

मित्राला फोन लावला. तो म्हणाला, “काकू बरोबर बोलतायत. ॲव्होकाडो झाडावर पिकतच नाही, उतरवल्यावर पिकतो. हे यंत्र उतरवायचा की नाही ते सांगतं. मऊपणाचं वेगळं असतं. देऊ?”

“अढीत घाल की,” आई म्हणाली आणि उरलेले पाच तिने एका केळ्यासोबत तांदळाच्या डब्यात पुरलेसुद्धा.

“केळ्यातून इथिलीन वायू सुटतो ना, त्यामुळे—”

“केळ्याला माहितीय ते. झाकण लाव.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने देठाशी हलकेच अंगठा टेकवला, एक उचलला, कापला. लोणी! एक चमचा तोंडात घातला, थोडं मीठ लावून दुसरा घातला आणि माझ्याकडे बघत राहिली.

“ह्याला चवच नाही रे. मोजत काय होतास?”