स्पर्धेनंतरचा दुसरा प्रयोग

मराठवाड्यात दरवर्षी चांगली नाटकं बसतात आणि एका प्रयोगात संपतात. राज्य नाट्य स्पर्धेसाठी पोरं दोन-दोन महिने तालमी करतात, पडदा एकदा उघडतो, आणि नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे भिंतीसारख्या उभ्या करायच्या चौकटी, कुणाच्या तरी गच्चीवर पावसात फुगत पडतात. ज्या औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) जिगीषा ही नाट्यसंस्था उभी राहिली, जिथल्या विद्यापीठात स्वतंत्र नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथेही हेच. संत एकनाथ रंगमंदिर असो की परभणीचं बी. रघुनाथ सभागृह, वास्तू आपल्याकडे आहेत. पण गावाला नाटकाची सवय लागायला दुसरा, चौथा, सातवा प्रयोग लागतो.

त्यासाठी या नाट्यगृहांचा महिन्यातला एक ठरलेला शनिवार स्थानिक संघाला द्या. आणि फक्त तेवढी संध्याकाळ नको, आदली रात्रही द्या. दुपारी चारला हॉल हातात आला की दहा फुटी फ्लॅट उभे करून मागून टेकू देण्यातच दोन-अडीच तास जातात. मग शिडीवर चढून एकेक दिवा लावायचा. चोवीस दिव्यांना दिव्यामागे पाच मिनिटं धरली तरी दोन तास. तोवर प्रेक्षक दारात! प्रकाशात तालीम होतच नाही. मग नट उभं राहण्याच्या खुणेच्या टेपपासून अर्धं पाऊल मागे राहतो, आणि त्याच्या सगळ्यात महत्त्वाच्या वाक्याला चेहरा अंधारात जातो. दोष नटाचा नसतो.

विजेचंही तसंच. हजार वॅटचा हॅलोजन चार अँपिअरहून जास्त ओढतो. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तीन लावा, चौथा लावला की प्लग तापून वास येतो. चोवीस दिवे म्हणजे चोवीस किलोवॅट, ते तिन्ही फेजवर आठ-आठ वाटायला हवेत. साउंड आणि डिमर (दिवे कमी-जास्त करणारं यंत्र) एकाच फेजवर असले तर दिवे मंद करताच स्पीकरमधून घूंऽऽ सुरू होतं, आणि मंद दिवे नेमके हळव्या प्रसंगातच असतात. घरचा संघ दुसऱ्या प्रयोगाला हे सगळं सुधारून येतो. एकच प्रयोग करणाऱ्याला ती संधीच नाही.

तिकिटाबद्दल एक आग्रह. आठशे खुर्च्यांत दोनशे माणसं विखरून बसली की हशा पसरत नाही. मागच्या रांगा दोरी लावून बंद करा, सगळ्यांना पुढे बसवा. भाडं लग्नाच्या दराने न घेता तिकीटविक्रीच्या वीस टक्के घ्या. शंभर रुपयांची दोनशे तिकिटं गेली तर हॉलला चार हजार मिळतील, आणि टेम्पो-डिझेलचे पैसे संघाच्या हातात उरतील.

असं वर्षभर चाललं की सुताराला फ्लॅटचं माप तोंडपाठ होतं, कॉलेजची पोरं पुढच्या वेळी आई-वडिलांना घेऊन येतात, आणि बाहेरचा चहावाला शनिवारी दूध जास्त मागवतो.

सुरुवात छोटी चालेल. यंदाच्या स्पर्धेतले तीन संघ निवडा, त्यांना तीन शनिवार द्या, आणि शुक्रवारी रात्री दहाला चावी संघाच्या हातात.