डार्विनचा पुढचा परिच्छेद

गेल्या महिन्यात तृतीय वर्षाचा तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला आणि त्याने मोबाइलवर एक चित्रफीत लावून माझ्यापुढे धरली. नाझी राजवटीत मनोरुग्णांना आणि अपंगांना जिथे ठार मारले गेले, त्या जर्मनीतील हादामारच्या इमारतीत चष्मा लावलेले एक वयस्कर गृहस्थ फिरत होते. नंतर त्यांच्याच आवाजात डार्विनचा एक उतारा ऐकू आला. चित्रफीत थांबवून त्या मुलाने विचारले, “मॅडम, म्हणजे हे सगळं डार्विनमुळेच झालं का?” त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, खरी अस्वस्थता होती. त्याला दिलेले उत्तर लांबत गेले, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

ते गृहस्थ म्हणजे अमेरिकी लेखक-अभिनेते बेन स्टाइन, आणि तो माहितीपट म्हणजे ‘एक्स्पेल्ड: नो इंटेलिजन्स अलाउड’. १८ एप्रिल २००८ रोजी तो अमेरिकेत हजाराहून अधिक चित्रपटगृहांत एकाच वेळी प्रदर्शित झाला. माहितीपटाच्या वाट्याला असे प्रदर्शन क्वचितच येते. सजीवांची गुंतागुंत नैसर्गिक निवडीने समजत नाही, तिच्यामागे कोणीतरी बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे, अशी ‘इंटेलिजंट डिझाइन’ची मांडणी आहे. ही मांडणी करणाऱ्यांना अमेरिकेतील विद्यापीठे हाकलून देतात, हे या माहितीपटाचे मुख्य म्हणणे. बर्लिनची भिंत त्यात पुन्हा पुन्हा दिसते. विज्ञानाने आपल्याभोवती अशीच भिंत बांधली आहे, असे प्रेक्षकाच्या मनावर ठसवले जाते.

विचारस्वातंत्र्य हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे या आरोपाकडे मी सहज पाठ फिरवू शकत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातून डार्विनचे ‘डिसेंट ऑफ मॅन’ काढून आणले आणि त्या मुलाला समोर बसवून पाचवे प्रकरण उघडले. मूळ ग्रंथ १८७१ चा. आमच्या ग्रंथालयातील प्रत जुन्या कापडी बांधणीची आहे आणि तिच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या आहेत. आधी त्याने चित्रफितीतील उतारा ऐकला आणि मग पानावर बोट ठेवून तो सावकाश वाचला. रानटी समाजांत दुर्बळ माणसे लवकर नाहीशी होतात, आपण सुसंस्कृत माणसे मात्र आजाऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी आश्रम बांधतो, दुर्बळांची प्रजा त्यामुळे वाढते, आणि पाळीव जनावरांची पैदास पाहिलेला कोणीही म्हणेल की हे मानवजातीला घातक आहे, असा तो उतारा. वाचता वाचता त्याचे बोट मध्येच थांबले. देवीच्या लसीने हजारो जीव वाचले असावेत, असे सांगणारे वाक्य पानावर होते आणि पडद्यावरून गाळलेले होते. गाळल्याची खूणही कुठे नव्हती.

मग मी त्याला पान न उलटता खाली वाचायला सांगितले. लगेच पुढच्या परिच्छेदात डार्विन म्हणतो की असहायांना मदत करण्याची आपली ओढ सहानुभूतीच्या सहजप्रवृत्तीतून आलेली आहे, आणि कठोर तर्काने कितीही बजावले तरी ही सहानुभूती आपल्याला आवरता येणार नाही. आवरली, तर आपल्या स्वभावातील सर्वांत उदात्त भागाचा ऱ्हास होईल. शल्यविशारद शस्त्रक्रिया करताना मन घट्ट करतो, कारण आपण रुग्णाच्या भल्यासाठी हे करीत आहोत हे त्याला ठाऊक असते. पण दुर्बळांकडे आपण जाणूनबुजून दुर्लक्ष केले, तर झालाच तर दूरचा, अनिश्चित लाभ होईल आणि त्यासाठी आज प्रचंड पाप पदरी पडेल, असे तो स्पष्ट लिहितो. हादामारमध्ये जे घडले त्याच्या थेट विरुद्ध जाणारे हे शब्द आहेत, आणि ज्या ओळीवर स्टाइन थांबले त्या ओळीनंतर ते लगेच सुरू होतात.

डार्विनचे सगळे लेखन आजच्या कसोटीला उतरते, असे मी म्हणणार नाही. ‘रानटी’ हा शब्द आणि जनावरांच्या पैदाशीची ती उपमा मला वर्गात वाचून दाखवतानाही खुपते. त्याचा आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टन याने सुप्रजननशास्त्राची, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांचीच प्रजा वाढवावी या विचाराची, मांडणी केली, आणि अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ मध्येच सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. या इतिहासावर गंभीर माहितीपट अवश्य व्हावा. पण ज्याची तक्रारच ‘आम्हाला बोलू दिले जात नाही’ अशी आहे, त्याने दुसऱ्याचे बोलणे अर्ध्यावर तोडून त्याच्यावर नरसंहाराचे ओझे टाकावे, हे मला क्षम्य वाटत नाही. ज्यूंच्या बदनामीविरुद्ध काम करणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीग या अमेरिकी संस्थेनेही नरसंहाराच्या या वापराचा निषेध केला होता.

मुलाखतींची कथाही फारशी वेगळी नाही. रिचर्ड डॉकिन्स, पी. झेड. मायर्स, युजिनी स्कॉट या उत्क्रांतीच्या बाजूने बोलणाऱ्यांना ‘क्रॉसरोड्स’ नावाच्या चित्रपटासाठी बोलायचे आहे असे सांगण्यात आले होते. पुढे मार्च २००८ मध्ये मिनेसोटात या माहितीपटाच्या एका खेळाला मायर्स गेले, तेव्हा ज्या चित्रपटात ते स्वतः दिसतात त्याच्याच दारातून त्यांना परत पाठवण्यात आले. ब्राउन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर श्रद्धाळू कॅथलिक आहेत आणि उत्क्रांतीचे खंदे समर्थकही. त्यांना का घेतले नाही, असे विचारल्यावर निर्मात्यांपैकी मार्क मॅथिस यांनी उत्तर दिले की त्यांच्यामुळे चित्रपटात विनाकारण गोंधळ झाला असता. उत्क्रांती मानणारा माणूस देवही मानू शकतो, एवढी साधी गोष्ट या मांडणीत बसत नव्हती.

आता ज्यांच्यावर अन्याय झाल्याचे हा माहितीपट सांगतो त्यांच्याविषयी. रिचर्ड स्टर्नबर्ग वॉशिंग्टनच्या बायोलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकाचे संपादक होते आणि ऑगस्ट २००४ मध्ये त्यांनी स्टीफन मायर यांचा इंटेलिजंट डिझाइनच्या बाजूचा लेख छापला. नेहमीची संपादकीय पद्धत सोडून तो छापला गेला, असे सोसायटीने जाहीर केले. स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेत स्टर्नबर्ग बिनपगारी संशोधक होते, त्यांची नोकरी दुसऱ्या संस्थेत होती, आणि संग्रहातील नमुने अभ्यासण्याची मुभा त्यांना पुढेही राहिली. तेव्हा ‘हाकलले’ हा शब्द इथे लागू होत नाही. तरीही त्यांच्या धार्मिक आणि राजकीय मतांची सहकाऱ्यांत चौकशी झाल्याचे एका सरकारी कार्यालयाच्या पत्रात नमूद आहे. कोणत्याही संशोधकाच्या बाबतीत अशी चौकशी होणे चुकीचेच. आयोवा स्टेट विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ गिलेर्मो गोन्झालेझ यांना २००७ मध्ये कायमस्वरूपी प्राध्यापकपद नाकारले गेले. तिथे रुजू झाल्यानंतरचे संशोधन आणि मिळवलेला निधी कमी पडला, हे विद्यापीठाचे कारण. पण त्यांच्या इंटेलिजंट डिझाइनविषयीच्या मतांची चर्चा विभागातल्या ई-मेलमध्ये झाली होती, हेही उघड झाले. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. प्रेक्षकाला त्या दोन्ही सांगायला हव्या होत्या.

आणि ज्यांना खरोखर नोकरी सोडावी लागली त्यांचे काय? टेक्सास राज्याच्या शिक्षण खात्यात विज्ञानाच्या अभ्यासक्रमाच्या प्रमुख असलेल्या क्रिस कोमर यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये एका व्याख्यानाची सूचना ई-मेलने पुढे पाठवली. ते व्याख्यान इंटेलिजंट डिझाइनवर टीका करणारे होते. काही दिवसांतच त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याआधी, २००५ च्या सुरुवातीला, पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांना एक निवेदन वाचून दाखवण्याचा आदेश होता: डार्विनचा सिद्धान्त म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, इंटेलिजंट डिझाइनचे पुस्तक ग्रंथालयात आहे. आपण हे वाचले तर मुलांचा त्यावर विश्वास बसेल, असे सांगून शिक्षकांनी वाचायला नकार दिला आणि प्रशासनातील अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचले. माझ्या दृष्टीने अध्यापनाच्या स्वातंत्र्याची गोष्ट ही आहे. पगारावर पाणी सोडावे लागेल याची भीती असतानाही त्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना खोटे सांगायचे नाकारले, आणि मी हे जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला त्यांच्याविषयी भरून येते. पुढे पालकांनी लढवलेल्या खटल्यात २० डिसेंबर २००५ रोजी न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल देऊन इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नसल्याचे नोंदवले.

विज्ञानात वेगळे मत मांडणाऱ्याला जागाच नसते, या आरोपाचे उत्तर मला पुण्यातच सापडते. डॉ. जयंत नारळीकर यांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह महास्फोटाच्या प्रस्थापित सिद्धान्ताला जन्मभर आव्हान दिले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते. तरीही त्यांचे शोधनिबंध नामवंत नियतकालिकांत छापून येत राहिले आणि १९८८ मध्ये ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था त्यांच्याच नेतृत्वाखाली उभी राहिली. पृथ्वीवरील जीवन बाहेरून आले असेल का, हा प्रश्नही त्यांनी हसण्यावारी नेला नाही. या माहितीपटात डॉकिन्स यांनी तशी शक्यता बोलून दाखवली तेव्हा ती हास्यास्पद ठरवली गेली. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले आणि त्यांत सूक्ष्मजीव आहेत का ते तपासले. आपले म्हणणे चूक ठरू शकेल असा प्रयोग त्यांनी स्वतःहून आखला. इंटेलिजंट डिझाइनच्या पुरस्कर्त्यांकडून मला अपेक्षा आहे ती अशाच प्रयोगाची.

हा विषय दूर अमेरिकेतला आहे असे मानून मी गप्प बसले असते, पण २०१८ च्या जानेवारीत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह आपल्या औरंगाबादेतच बोलले होते, की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही आणि अभ्यासक्रमातून डार्विनचा सिद्धान्त बदलायला हवा. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला विरोध केला. नंतर २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती गेली आणि फक्त आनुवंशिकता उरली. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकाची जी प्रत माझ्याकडे आहे, तिच्या दुसऱ्या भागात तो पहिलाच पाठ आहे. त्याला कोणी हात लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तो विद्यार्थी परवा पुन्हा भेटला. ग्रंथ त्याने आपल्या नावावर घरी नेला होता आणि पाचवे प्रकरण पूर्ण वाचले होते. आता त्याला जिवाणूच्या कशाभिकेविषयी, म्हणजे जिवाणू जिच्या साहाय्याने पोहतो त्या शेपटीविषयी, विचारायचे आहे. तिचा एकही भाग काढला तर ती चालत नाही, मग ती टप्प्याटप्प्याने घडली कशी, हा इंटेलिजंट डिझाइनचे पुरस्कर्ते मायकेल बीही यांचा प्रश्न त्याला पडला आहे. तो बीही यांनी विचारला म्हणून टाळावा, असे मला वाटत नाही. तिच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांशी मिळतीजुळती प्रथिने काही जिवाणूंत विष टोचण्याच्या यंत्रणेतही आढळतात, इथून आम्ही सुरुवात करणार आहोत. दोन शोधनिबंध छापून ठेवले आहेत. मंगळवारी तासानंतर प्रयोगशाळेत बसू, आणखी कोणा विद्यार्थ्याला यायचे असेल तर अवश्य यावे.