चहा महागला म्हणून अमेरिका स्वतंत्र झाली नाही

माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. परवा तिने व्हॉट्सॲपवर आलेला एक मजकूर दाखवला आणि म्हणाली, "मामा, हे मी नोट्समध्ये उतरवून घेतलंय." मजकूर असा: 'इंग्रजांनी चहावर जबर कर लावला, चहा परवडेनासा झाला, करांनी अमेरिकनांचं कंबरडं मोडलं. म्हणून त्यांनी आपल्या आसामचा चहा बोस्टनच्या समुद्रात फेकला आणि ताबडतोब स्वातंत्र्य पुकारलं. कर नाकारतो तोच खरा देशभक्त.' हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या गटातही येऊन गेला होता, तेव्हा मी सोडून दिलं. तो आता उत्तरपत्रिकेत उतरणार असेल तर गप्प बसवत नाही.

आधी आसाम. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात टाकल्या गेल्या. त्यांतला सगळा चहा चीनचा होता, कँटनहून लंडनमार्गे आलेला. आसामात तेव्हा आहोम राजांचं राज्य होतं. तिथली रानातली चहाची झाडं इंग्रजांच्या नजरेस पडली १८२३ च्या सुमारास आणि आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला १८३९ मध्ये. म्हणजे बोस्टननंतर तब्बल ६५ वर्षांनी. एवढं तपासायला पाच मिनिटं पुरतात, पण पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणीही ती दिली नाहीत.

भारताचा संबंध आहे, हे मात्र कबूल करावं लागतं. तो चहाच्या पानांचा नाही, ईस्ट इंडिया कंपनीचा आहे. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली, तरी कंपनीने महसुलाची वसुली सोडली नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती स्वतःच कर्जात बुडाली आणि तिचा चहा लंडनच्या गोदामांत पडून राहिला. तिला वाचवायला पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी १७७३ साली १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, तिच्यावर लगाम म्हणून रेग्युलेटिंग ॲक्ट आणला आणि तिचा चहा खपावा म्हणून टी ॲक्ट. यातला रेग्युलेटिंग ॲक्ट आपल्याकडच्या प्रत्येक परीक्षार्थीला तोंडपाठ असतो. टी ॲक्ट त्याच वर्षीचा, त्याच संसदेचा आणि त्याच कंपनीसाठीचा आहे, हे कुणी शिकवत नाही. अमेरिकेत मात्र लोकांनी हा धागा पकडला होता. पेनसिल्व्हेनियातले वकील आणि लेखक जॉन डिकिन्सन यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात कंपनीच्या आशियातल्या लुटीची आणि दुष्काळबळींची आठवण देऊन लोकांना सावध केलं होतं.

चहा महाग झाला, हे तर साफ उलटं आहे. टी ॲक्टने कंपनीला मधले व्यापारी टाळून थेट विकायची मुभा दिली, त्यामुळे चहा स्वस्त होणार होता, चोरून येणाऱ्या डच चहापेक्षाही. पौंडभर चहामागे तीन पेन्सचा कर १७६७ पासूनचाच होता. तो स्वस्त चहा घेणं म्हणजे आपल्यावर कर बसवायचा संसदेचा हक्क मुकाट्याने मान्य करणं, ही खरी अडचण होती. काही व्यापाऱ्यांचा आणि तस्करांचा धंदा बुडणार होता, तेही खरं.

आणि कंबरडं? ब्रिटनमधला माणूस अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. स्टँप ॲक्टने १७६५ मध्ये वर्तमानपत्रांपासून दस्तऐवजांपर्यंत सगळ्यावर मुद्रांक लावला, त्याचा जाच होता हे नाकारत नाही. पण तो मोडणाऱ्यांचे खटले ज्यूरीविना, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचांविना, नौदली न्यायालयात चालवायची सोय त्यातच होती आणि ती जास्त झोंबली. पुढच्याच वर्षी तो रद्द करताना संसदेने सोबत दुसरा कायदा केला: वसाहतींसाठी 'कुठल्याही बाबतीत' कायदे करण्याचा हक्क आमचाच.

माझं म्हणणं पटत नसेल तर १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामाच वाचा, फार मोठा नाही. त्यात राजाविरुद्ध २७ तक्रारी आहेत. संमतीविना कर लादल्याची तक्रार १७ वी आहे, एका ओळीची. तिच्या आधी काय आहे? आमच्या विधिमंडळांचे कायदे अडवले, विधिमंडळं बरखास्त केली, न्यायाधीशांचे पगार आपल्या हातात ठेवले, शांततेच्या काळात फौज आणून बसवली. पुढे ज्यूरीचा हक्क आणि बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सची सनद. ती सनद चहा फेकल्याची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये केलेल्या दंडात्मक कायद्यांनी मोडली होती. त्याच कायद्यांनी बोस्टन बंदर बंद केलं, आणि तोवर आपापसांत न पटणाऱ्या वसाहतींपैकी बारा जणी त्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात एकत्र आल्या.

'ताबडतोब' बद्दल फार लिहीत नाही. चहा फेकल्यापासून जाहीरनाम्यापर्यंत अडीच वर्षं गेली. लढाई सुरू झाल्यावरही, जुलै १७७५ मध्ये, राजाला समेटाचा अर्ज पाठवला होता.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं. हे लोक कर नाकारत नव्हते. आपण निवडून दिलेल्या विधिमंडळांनी बसवलेला कर ते आधीही भरत होते. स्वतंत्र झाल्यावर त्यांच्याच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १७९१ मध्ये दारूवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी तो न भरता वसुली अधिकाऱ्यांवर हल्ले केले, तेव्हा १७९४ मध्ये त्यांच्यावर सुमारे १३ हजारांची फौज निघाली. ती पाठवणारे राष्ट्राध्यक्ष होते जॉर्ज वॉशिंग्टन, आणि वाटेतल्या काही टप्प्यांवर ते स्वतः तिच्यासोबत होते.