इलेक्ट्रॉनला तुमच्या नजरेशी देणंघेणं नाही

तो मेसेज पुन्हा फिरू लागलाय. ‘क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय की कुणी बघेपर्यंत वास्तव नसतंच. जाणीवच जग घडवते. म्हणून प्रत्येकाचं सत्य वेगळं, आणि जसा विचार कराल तसं घडेल. आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं.’ सोबत दोन फटींचा प्रयोग, श्रोडिंगरचं मांजर आणि एक नोबेलविजेता.

आधी त्या फटी. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले तरी पडद्यावर ठिपके साठत जाऊन, लाटा एकमेकींत मिसळाव्यात तसे, पट्टे उमटतात. १९८९ साली हिताचीच्या प्रयोगशाळेत आकिरा तोनोमुरांच्या गटाने हे चित्र टप्प्याटप्प्याने टिपलं. इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने गेला हे तपासायला गेलं की पट्टे जातात. इथवर मेसेज बरोबर आहे. ‘कारण कुणीतरी बघत होतं’ हे मात्र पदरचं. व्हिएन्नात त्साइलिंगर आणि आर्न्ट यांच्या गटाने सत्तर कार्बन अणूंच्या रेणूंचे असेच पट्टे मिळवले आणि मग ते रेणू लेझरने तापवून पाठवायला सुरुवात केली. त्याचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. तापलेला रेणू वाटेतच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, फेकतो. जितका जास्त तापवावा तितके पट्टे पुसट, आणि शेवटी सगळं सपाट. पट्टे घालवायला ते फोटॉन कुणी पकडावे, मोजावे याची गरजच नव्हती. रेणू कुठून गेला याची खूण आसपास सांडली, तेवढ्याने काम झालं. याला डिकोहेरन्स म्हणतात आणि त्याला ना डोळे लागतात ना मन.

यातून सगळं सुटतं असं मात्र नाही. पट्टे का जातात ते कळतं. अनेक शक्यतांपैकी नेमकी एकच का पदरात पडते, ते कळत नाही. खरा वाद तिथे आहे आणि तो मेसेजमध्ये नाहीच.

मांजराचं थोडक्यात. १९३५ साली भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने एका काल्पनिक प्रयोगात ते पेटीत घातलं ते मांजर एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं असतं हे सांगण्यासाठी नव्हे. क्वांटमचं समीकरण जसंच्या तसं मोठ्या वस्तूंना लावलं तर किती हास्यास्पद निष्कर्ष निघतो, हे त्याला दाखवायचं होतं. उपहासालाच पुरावा मानलं जातंय.

नोबेलविजेता म्हणजे यूजीन विग्नर. मापन जाणिवेपाशी पूर्ण होतं असं त्यांनी १९६१ साली लिहिलं, हे खरं. पण पुढे भौतिकशास्त्रज्ञ डीटर झे यांचं डिकोहेरन्सवरचं काम वाचून त्यांनी ही भूमिका सोडली, हे फॉरवर्ड करणाऱ्यांपर्यंत पोचलेलं दिसत नाही.

‘विचार कराल तसं घडेल’ हे तर सरळ तपासता येतं. ४५ अंशांत तिरपं ध्रुवीकरण (म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा) असलेला फोटॉन उभ्या ध्रुवकावर, म्हणजे फक्त उभी कंपनं जाऊ देणाऱ्या गाळणीवर, पाठवा. पार होण्याची शक्यता निम्मी. ही शक्यता सांगणाऱ्या बोर्नच्या नियमात निरीक्षकाच्या इच्छेला जागाच नाही. काय मोजायचं ते आपण ठरवतो, उत्तर काय यावं ते नाही.

ऋषींचं. श्रोडिंगरला वेदान्ताची मनापासून ओढ होती; १९२५ साली, समीकरण सुचण्याच्या जरा आधी, त्याने त्यावर लिहिलंही. पण १९२६ साली ते समीकरण उभं राहिलं ते हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या बरोबर निघाल्या म्हणून. शिवाय वेदान्तातला साक्षी अकर्ता असतो. तो नुसता बघतो, बघून काही घडवत नाही. म्हणजे मेसेजवाल्यांनी भौतिकशास्त्राबरोबर शंकराचार्यांनाही वाकवलं!

उरला ‘प्रत्येकाचं सत्य वेगळं’ हा मुद्दा, आणि यात मात्र थोडं तथ्य आहे. विग्नरनीच मांडलेला पेच घ्या: बंद खोलीत मित्राने मापन केलं, त्याला एक उत्तर मिळालं, बाहेरच्या विग्नरच्या गणितात मात्र मित्र आणि उपकरण दोन्ही अजून अनिर्णित. २०१८ साली झुरिकच्या दानिएला फ्राउखिगर आणि रेनाटो रेनर यांनी हा पेच ताणून दाखवलं की तीन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत: क्वांटम सिद्धांत निरीक्षकांनाही लागू होतो, प्रत्येक मापनाला एकच उत्तर असतं, आणि दुसऱ्याचा निष्कर्ष आपल्या तर्कात बिनदिक्कत जोडता येतो. यातलं काय सोडायचं यावर पंथ वेगळे होतात. एव्हरेटच्या वाटेने जाणारे (म्हणजे सगळ्याच शक्यता वेगवेगळ्या शाखांत घडतात असं मानणारे) ‘एकच उत्तर’ सोडतात. भौतिकशास्त्रज्ञ कार्लो रोवेली १९९६ पासून म्हणतात की स्थान, वेग अशा भौतिक राशींना मूल्य असतं ते कुठल्यातरी दुसऱ्या वस्तूच्या संदर्भात. मला रोवेलींची मांडणी जवळची वाटते, पण ती सिद्ध झालीय असं म्हणणार नाही. आजवरच्या प्रयोगांनी या दोन्ही पंथांपैकी एकही बाद केलेला नाही.

आणि रोवेलींच्या मांडणीतली ‘दुसरी वस्तू’ माणूसच असावी लागत नाही. दगड चालतो, भिंतही चालते. तो दृष्टिकोन मनाचा नाही, मताचा तर नाहीच. विग्नर खोलीत शिरून मित्राला ‘काय दिसलं?’ विचारतो तेव्हा मिळणारं उत्तर आणि उपकरणावरचा आकडा जुळलेच पाहिजेत, असं तेच गणित सांगतं.