खुलासा : फ्रेडरिक सँगर आणि सायटेशनचा आकडा

'दोन नोबेल मिळवणाऱ्या सँगर यांना कुणी फारसं सायटच केलं नाही, म्हणून सायटेशनला अर्थ नाही' असा ब्रिटिश जैवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांच्याबद्दलचा एक मजकूर सध्या फिरतोय. (सायटेशन म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या निबंधात एखाद्या निबंधाचा दिलेला संदर्भ.) त्यातली दोन नोबेल (1958 आणि 1980) खरी आहेत. बाकी दावा चुकीचा आहे.

सँगर, निकलेन आणि कूलसन यांचा 1977 चा शोधनिबंध अवघ्या पाच पानांचा आहे. त्यात डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम वाचण्याची पद्धत दिली आहे. डीएनएची साखळी वाढत असताना एक खास घटक त्यात शिरतो आणि साखळी तिथेच थांबते. डीएनएच्या चार अक्षरांसाठी (A, T, G, C) चार वेगळ्या अभिक्रिया करायच्या, तयार झालेले तुकडे जेलवर (जेलीसारख्या थरावर) लांबीनुसार वेगळे करायचे आणि खालून वर क्रम वाचायचा. मानवी जीनोम प्रकल्पही याच पद्धतीवर उभा राहिला. 'नेचर' या विज्ञानपत्रिकेने 2014 मध्ये सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या निबंधांची यादी केली, तेव्हा हा निबंध चौथा होता आणि त्याची सायटेशन 65 हजारांवर गेली होती. डीएनएची रचना मांडणारा वॉटसन-क्रिक यांचा 1953 चा गाजलेला निबंध मात्र पहिल्या शंभरातही नव्हता!

हा गैरसमज बहुधा जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी सँगर यांच्यावर लिहिलेल्या मृत्युलेखामुळे पसरला असावा. इन्सुलिनवरच्या कामानंतर सँगर यांनी बरीच वर्षं फारसं महत्त्वाचं प्रसिद्ध केलं नाही, त्यामुळे आजच्या एखाद्या समितीने त्यांना अनुत्पादक ठरवलं असतं, असं ब्रेनर म्हणाले होते. ती तक्रार वर्षागणिक निबंध मोजणाऱ्या समित्यांबद्दल होती आणि ती मला शंभर टक्के पटते. पण कमी लिहिणं वेगळं, दुर्लक्षित राहणं वेगळं. मजकूर पुढे पाठवलेल्यांनी कृपया ही दुरुस्तीही पाठवावी.