१५ एप्रिलपर्यंत चारही ऑफर धरून ठेवाव्यात का?

नमस्कार. पीएचडीच्या ऑफरांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, 'मुलांना नैतिकतेचे डोस पाजू नका. अमेरिकेत १५ एप्रिलपर्यंत मुदत असते, तोवर चार ऑफर हातात ठेवणं हा त्यांचा हक्क आहे. प्रोफेसर काही सोयरे नव्हेत, नकाराला पोर्टलवरची एक क्लिक पुरे.'

हक्काचं म्हणणं अगदी बरोबर आहे. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर ज्या विद्यापीठांनी सही केली आहे, त्यांनी फेलोशिप किंवा असिस्टंटशिपच्या, म्हणजे पैशाची सोय असलेल्या, ऑफरला १५ एप्रिलच्या आत उत्तर मागायचं नसतं. मार्चमध्येच 'आठवड्यात कळवा' अशी मेल आली, तर या ठरावाचा उल्लेख करून सरळ वेळ मागावा. हे मी लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं, ते राहिलं. स्टायपेंडबद्दल, म्हणजे मिळणाऱ्या विद्यावेतनाबद्दल, विचारण्यातही गैर काही नाही. 'दुसरीकडे इतके मिळतायत, पण मला तुमच्याकडे यायचंय, काही करता येईल का?' हे एकदाच आणि खरं असेल तरच विचारावं.

पण चार ऑफर कशाला? ज्या दोन ऑफरांमध्ये मन खरोखर ठरत नाहीये, त्या शेवटच्या दिवसापर्यंत ठेवा. जिथे जायचं नाही हे फेब्रुवारीतच कळलंय, ती अडवून ठेवली की वेटलिस्टवरचं कुणीतरी ताटकळतं. पैशाची सोय मोकळी होईपर्यंत बऱ्याचदा विभागाला त्याला पत्रच पाठवता येत नाही.

हे मी स्वतः केलंय. एक ऑफर निव्वळ 'असू दे' म्हणून ठेवली आणि १४ एप्रिलच्या रात्री नाकारली. पुढे एका परिषदेत पोस्टरपाशी एक मुलगी भेटली, नागपूरची. त्याच वर्षी, त्याच विभागाचं पत्र तिला १५ तारखेला दुपारी साडेतीनला आलं होतं आणि संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. ती तेव्हा अमेरिकेतच एमएस करत होती. घरी रात्रीचे दोन वाजलेले, म्हणून आईवडिलांना न विचारताच तिने 'हो' कळवलं. तिला मिळाली ती माझीच जागा होती की नाही, मला माहीत नाही. पण तेव्हापासून हा विषय निघाला की मला ते रात्रीचे दोन आठवतात.

आता क्लिकबद्दल. ज्या माणसाने तुमच्यासाठी तासभर व्हिडिओ कॉल केला, समितीत तुमची बाजू मांडली, त्याला तुमचा नकार पोर्टलवरून कळावा हे मला पटत नाही. चार ओळींची मेल पुरते. मी लिहिलं होतं, 'मी दुसरीकडे जायचं ठरवलंय, तिथे पहिल्याच वर्षी फील्डवर्क आहे. तुम्ही पाठवलेला मातीच्या नमुन्यांवरचा पेपर वाचून माझा प्रश्न स्पष्ट झाला, त्याबद्दल मनापासून आभार.' वीस मिनिटांत उत्तर आलं, अभिनंदनाचं, आणि 'त्या प्रश्नाचं पुढे काय होतं ते कळवत राहा' असं. मी कळवत राहिले. चौथ्या वर्षी माझे नमुने कमी पडले, तेव्हा त्यांनी स्वतःचा अप्रकाशित तक्ता पाठवून दिला.

आणि शिफारसपत्रं लिहिणाऱ्या आपल्या कॉलेजातल्या सर-मॅडमना निकाल कळवायचा हमखास राहतो. त्यांनाही फोन करा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्या भाचीकडे तीन ऑफर आहेत आणि तिसरीकडे ती जाणार नाही. आज २ एप्रिल आहे. तिला आजच ती मेल लिहायला सांगा.