'एक जुना वाचक' यांस, बादलीच्या निमित्ताने

प्रिय 'एक जुना वाचक',

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात लिहू नये म्हणून उठलो. राग अजून गेलेला नाही, फक्त त्याला मुद्दे सापडले आहेत.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. बादली, बेसिन, खोकं अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंची हुबेहूब नक्कल करणाऱ्या शिल्पांवर मी मागे लेख लिहिला. त्यावर यांचं म्हणणं असं: ही निव्वळ हातचलाखी आहे. "खरी बादलीच आणून ठेवायची होती, दुशाँने 1917 सालीच ते करून विषय संपवला." (दुशाँ म्हणजे फ्रेंच कलावंत, त्याच्याकडे पुढे येतो.) शेजारची पाटी काढली तर या कामांकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. थ्रीडी प्रिंटरच्या जमान्यात असल्या मेहनतीचं कौतुक कसलं? आणि हा सगळा बड्या पैशाचा खेळ. वर जाता जाता सल्ला: "लेखकाने एकदा तरी हातात छिन्नी धरावी, मग लेखणी धरावी."

जे बरोबर आहे ते आधी कबूल करतो. अमेरिकन कलावंत अँडी वॉरहॉलची 1964 सालची, ब्रिलो या घासणीच्या खोक्यांची नक्कल करणारी खोकी पुठ्ठ्याची असल्याचं मी लिहिलं होतं. ती प्लायवुडची आहेत, वर सिल्कस्क्रीनने छापलेली. चूक माझी. एका ओळीत सांगितलं असतंत तर आभार मानून मोकळा झालो असतो. पण "ज्याला पुठ्ठा आणि फळी यांतला फरक कळत नाही त्याने शिल्पावर लिहावं, ही मराठी कलासमीक्षेची अवस्था" हे वाक्य कशासाठी? त्यात माहिती काय दिलीत? मी समीक्षक असल्याचा दावा कधी केलेला नाही. मराठी कलासमीक्षेची अवस्था माझ्या एका चुकीने ठरत असेल तर ती आधीच फार नाजूक असली पाहिजे.

आणि पुठ्ठा-फळीतला फरक? तो मला जरा जास्तच कळतो. तुम्ही छिन्नी काढलीत म्हणून सांगतो, एरवी सांगितलं नसतं. लिहायला लागण्याआधी सहा वर्षं मी एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये काम केलं आहे. लाकडाचा पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, घडवायचा, त्यावरून वाळूत साचा उठवायचा, मग ओतकाम. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न वस्तूपेक्षा किंचित मोठा करावा लागतो. त्यासाठी आमच्या पट्ट्याच वेगळ्या असत, त्यांच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा मोठा. नवा माणूस चुकून साधी पट्टी उचलायचा आणि आठवडाभराचं काम भंगारात जायचं. माझंही गेलं आहे. तेव्हा छिन्नी धरलेली आहे, आणि डाव्या अंगठ्यावर तिची खूणही आहे.

त्याच काळात, सुट्टीच्या दिवशी, मला एक वेड लागलं होतं. एक जुनं, एका कोपऱ्यात चेपलेलं पुठ्ठ्याचं खोकं लाकडात कोरायचं. चार महिने घालवले. सपाट बाजू सहज जमल्या. कडेला दोन कागदांच्या मध्ये दिसणारी पन्हळही जमली, बारीक गोल कानसेने एकेक लाट काढून. अडलो तो त्या चेपलेल्या कोपऱ्यावर. पुठ्ठा दुमडतो तेव्हा बाहेरचा कागद ताणला जातो, आतला गोळा होतो, आणि मधली पन्हळ मध्येच बसते, मध्येच उभी राहते. हे सगळं नखाएवढ्या जागेत. लांबून माझं खोकं अगदी खरं दिसायचं. हातभर अंतरावर आलं की मेलेलं. शेवटी कळलं की मी ते खोकं कोरतच नव्हतो. 'खोकं कसं असतं' याची डोक्यातली कल्पना कोरत होतो. चार महिने समोर ठेवूनही मी ते नीट पाहिलं नव्हतं.

आता तुमची बादली. "खरीच आणून ठेवायची होती." हे वाक्य तुम्हाला बिनतोड वाटतंय, म्हणून त्यावर सावकाश बोलू.

पेटर फिश्ली आणि डेव्हिड वाइस या स्विस जोडीने 1990 नंतर अख्ख्या खोल्या भरतील एवढ्या वस्तू केल्या: बादल्या, रंगाचे डबे, लाकडी फळकुटं, ब्रश, हत्यारं. खोलीचं काम अर्ध्यावर टाकून कामगार जेवायला गेलेत असं वाटावं. सगळं पॉलियुरेथेनच्या फोममध्ये हाताने कोरून रंगवलेलं. बादली पाणी धरणार नाही, फळीवर पाय दिला तर मोडेल. खऱ्या बादलीवरचा ओरखडा कसा आला हे कुणी विचारत नाही, तो पडलेला असतो. यांच्या बादलीवरचा प्रत्येक ओरखडा मात्र कुणीतरी ठरवलेला आहे: इथून सुरू, इथे संपणार, याच्या कडेला मळ. खरी बादली आणून ठेवलीत तर तुम्ही एक निवड केलीत. ही बादली करताना हजार निवडी झाल्या आहेत, आणि त्या नजरेला न दिसतील अशा लपवल्या आहेत. हा फरक 'हातचलाखी' या एका शब्दात कोंबायचा असेल तर खुशाल कोंबा.

अमेरिकन शिल्पकार रॉबर्ट गोबरने 1980च्या दशकात केलेली बेसिनंही तशीच. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, थेट दुकानातून आणलेली वाटतात. प्रत्यक्षात लाकूड, तारेची जाळी, प्लास्टर आणि वर ऑइल पेंटसारखा इनॅमल रंग. पाणी लागलं की भिजून खराब होईल असं बेसिन. आणि नळाच्या जागी नुसती दोन भोकं. खरं बेसिन आणून हे कसं साधणार होतात? नळ काढून? मग ते नळ काढलेलं बेसिन झालं असतं, म्हणजे प्लंबरचं अर्धवट काम.

आणि दुशाँ! तुम्ही दुशाँचं नाव घेतलंत याचा मला मनापासून आनंद झाला. मार्सेल दुशाँचं 1917 सालचं 'फाउंटन' म्हणजे विकत आणलेलं, 'आर. मट' अशी सही केलेलं मुतारीचं भांडं. हे तुमचं 'खरी वस्तू आणून ठेवा'. ते भांडं पुढे हरवलं. मागे राहिला छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झने काढलेला फोटो. आज लोक मोठमोठ्या संग्रहालयांत ज्याच्यापुढे भक्तिभावाने उभे राहतात ते भांडं बहुतेक वेळा 1964 सालचं असतं. मिलानचे गॅलरीवाले आर्तुरो श्वार्त्स यांनी दुशाँच्या संमतीने आठ नगांची आवृत्ती काढली. त्या फोटोवरून आकार बेतून, मातीत घडवून, भाजून, झिलई देऊन, आणि मूळ पोर्सेलिनसारखं दिसावं म्हणून रंगवून. म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तूची हाताने केलेली हुबेहूब नक्कल. जिला तुम्ही हातचलाखी म्हणता, नेमकी तीच.

शिवाय 1921 साली याच दुशाँने पक्ष्याच्या छोट्या पिंजऱ्यात साखरेचे 152 चौकोनी खडे ठेवले. ते साखरेचे नाहीत, संगमरवराचे आहेत. पिंजरा उचलायला गेलं की हाताला कळतं. ज्याने 1917 मध्ये विषय संपवला, त्यानेच चार वर्षांनी तो पुन्हा उघडला. जुन्या वाचकाला हे माहीत असायला हवं होतं. (हे वाक्य लिहायला नको होतं. पण तुमचं कलासमीक्षेचं वाक्य आठवतं, आणि मी ते राहू देतो.)

तुम्ही 2024 सालचा नेदरलँड्समधला किस्साही दिलात: लिस्से गावच्या लाम संग्रहालयात लिफ्ट दुरुस्तीला आलेल्या माणसाने बिअरचे दोन चेपलेले डबे कचऱ्यात टाकले, आणि ते अलेक्झांद्र लावे या कलावंताचं काम निघालं. "शतकातली सर्वात प्रामाणिक कलासमीक्षा" असं तुम्ही त्याला म्हणता. टाळ्या मिळवणारं वाक्य आहे, मिळाल्याही, खाली पाहिलं. पण त्या माणसाला तुम्ही समीक्षक कशाला करता? त्याने आपलं काम केलं, संग्रहालयानेही त्याला बोल लावला नाही. डबे बारकाईने हाताने रंगवलेले होते आणि मुद्दाम लिफ्टच्या जागेत, कामगार विसरून गेलेत असे ठेवले होते. सापडल्यावर साफ करून काही काळ दारापाशी चबुतऱ्यावर मांडले गेले. एखाद्याला एखादी गोष्ट दिसली नाही, यावरून ती नव्हतीच असं सिद्ध होत नाही. माझं खोकं मलाही चार महिने दिसलं नव्हतं.

बाकीच्याबद्दल फार लिहीत नाही. थ्रीडी प्रिंटर ओरखडा छापतो, कुठला ठेवायचा ते माणसालाच ठरवावं लागतं. पैशाबद्दल माझ्या लेखात चकार शब्द नव्हता, त्यामुळे तुम्ही काढलेल्या, अमेरिकन शिल्पकार जेफ कून्सच्या 2019 साली नऊ कोटी डॉलरांवर विकल्या गेलेल्या सशाचं उत्तर मी का द्यावं हे मला कळलेलं नाही. तो ससा चकचकीत पोलादाचा आहे, त्याला पाहून कुणी फसत नाही.

राहता राहिली पाटी. पाटी काढली तर काय उरतं, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर इथे दोन ओळींत देण्यासारखं नाही. कधीतरी स्वतंत्र लेख लिहीन.

मूळ लेखात 'पुठ्ठा' खोडून 'प्लायवुड' केलं आहे. पाहून घ्यावं.